सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग पोट रोज का बिघडतं?

वाचकाचा प्रश्न: डोंबिवलीच्या एका 34 वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतल्यावर त्यांना जुलाब-उलट्यांचा जबर त्रास झाला, सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून पोट ताळ्यावर नाही. सकाळी घराबाहेर पडेपर्यंत तीन-चार वेळा जावं लागतं. आधी बेंबीखाली कळ येते, जाऊन आल्यावर बरं वाटतं, पण पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. नोकरीसाठी रोज सीएसएमटी गाठायचं असतं. लोकलमध्ये कळ आली तर काय, या धास्तीनं त्या उपाशीपोटीच निघतात. दोन सोनोग्राफी झाल्या, रक्तही तपासलं, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी ‘जुनी आव’ म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स दिले, दुसऱ्यांनी ‘आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं. सासूबाईंना हे मनाचे खेळ वाटतात. दरम्यान त्यांनी स्वतःच दूध, दही, कडधान्यं आणि गेल्या सहा महिन्यांपासून गहू बंद केला. वजन चार किलो उतरलं. आता घरचे म्हणतात, कोलोनोस्कोपी आणि सीटी स्कॅन करून एकदाचा सोक्षमोक्ष लावू. त्या विचारतात, “नक्की काय झालंय ते कुणीच ठामपणे का सांगत नाही? कॅन्सर तर नसेल? आणि हे कधी पूर्ण बरं होईल का?”

नमस्कार.

निदान झालेलंच नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. खरं तर तुमच्या पत्रातच ते बरंचसं लिहिलेलं आहे. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, कुठल्या रिपोर्टात सापडत नाही. ते लक्षणांवरून ठरवतात आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. 2016 साली आलेले ‘रोम-4’ निकष असे: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोट दुखतं, त्रास सुरू होऊन सहा महिने उलटून गेलेत आणि पुढच्या तीनपैकी किमान दोन गोष्टी लागू पडतात. दुखण्याचा शौचाशी संबंध आहे, शौचाला जाण्याची संख्या बदलली आहे, शौचाचं रूप बदललं आहे. तुमच्या वर्णनात पहिल्या दोन स्पष्ट दिसतात. सुरुवातही ओळखीची आहे. पोटाच्या जोरदार संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस जडतो. जंतू निघून जातो, पण आतड्यातल्या नसांची संवेदना वाढलेलीच राहते.

म्हणून ‘सगळं नॉर्मल, म्हणजे कुणाला काहीच कळलं नाही’ हा निष्कर्ष सोडून द्या. नेहमीच्या सोनोग्राफीत आतड्याचा आतला थर नीट दिसत नाही आणि आतडं किती हळवं झालंय हे तर कुठल्याच यंत्रात दिसत नाही. आयबीएसच्या रुग्णांच्या गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत 1970 च्या दशकापासून दिसत आलंय, की इतरांना जेवढा दाब जाणवतही नाही, तेवढ्यानं यातल्या पुष्कळांना दुखतं. दुखणं खरं आहे. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

पण पत्रातली एक गोष्ट मी सोडणार नाही, ती म्हणजे उतरलेलं वजन. चार-चार पदार्थ बंद केले आणि सकाळचं खाणं टाळलं तर वजन उतरणारच, त्यामुळे कारण समोर दिसतंय. तरी ते गृहीत धरायचं नाही. खाणं पुन्हा वाढवल्यावर सहा-आठ आठवड्यांत वजन सावरलं पाहिजे. पुरेसं खाऊनही ते घसरत राहिलं, तर तपास वेगळ्या दिशेनं जायला हवा. वजनाबरोबर आणखी काही खुणा बघायच्या असतात: शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कळ, संध्याकाळी येणारा बारीक ताप, हिमोग्लोबिन कमी असणं, पोटात हाताला लागणारी गाठ, जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (हे दोन्ही आतड्याला सूज आणणारे आजार). आपल्याकडे आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही. ताप, वजन घटणं आणि उजव्या बाजूला खाली दुखणं एकत्र आलं, की डॉक्टर आधी त्याचा विचार करतात. यातलं काहीही असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जा. पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर असा त्रास पहिल्यांदाच सुरू झालेल्या वाचकांनीही आधी तज्ज्ञांना दाखवावं, मग आयबीएस म्हणावं.

यातलं काही नसेल, तर तुमच्या वयात तपासण्यांची यादी छोटी आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज), टीएसएच (थायरॉइड), शौचाची साधी तपासणी, सिलिअॅक या गव्हाशी निगडित आजारासाठी रक्ताची टीटीजी-आयजीए आणि त्यासोबत एकूण आयजीए, आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. जुन्या फायली काढून यातलं काय झालंय ते बघा. बहुतेक वेळा शेवटच्या दोन तपासण्या झालेल्या नसतात, आणि जुलाबाच्या आयबीएसमध्ये नेमक्या त्याच महत्त्वाच्या.

कॅलप्रोटेक्टिन आतड्याला खरी सूज असेल तर वाढतं. ते 50 मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली आलं, तर क्रोन्स किंवा कोलायटिस असण्याची शक्यता फार कमी उरते. 50 ते 250 मध्ये आलं तर घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करायचं. 250 च्या वर असेल तर कोलोनोस्कोपी टाळू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी हा आकडा उगाच वाढतो. पाळीत किंवा डोकेदुखीला तुम्ही अशा गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना विचारून तपासणीच्या आधी दोन आठवडे त्या थांबवा.

सिलिअॅकच्या तपासणीत मोठी चूक गव्हापाशी होते. या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं आणि शरीर त्याविरुद्ध जी प्रथिनं तयार करतं, ती या चाचणीत मोजतात. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात. सहा महिने गहू न खाता तुम्ही उद्या रक्त दिलंत, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आधी किमान सहा आठवडे रोज दोन वेळच्या जेवणात पोळी असू द्या, मग तपासणी करा. सिलिअॅक गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात जास्त आढळतो. आपल्याकडे तो कमी आहे, पण नाहीच असं नाही. तो निघाला तर गहू जन्मभर सोडावा लागतो, म्हणून अंदाजानं ठरवू नये.

मग कोलोनोस्कोपी? कॅलप्रोटेक्टिन आणि हिमोग्लोबिन नीट असेल आणि धोक्याची खूण नसेल, तर 34 व्या वर्षी ती आत्ता करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीटी स्कॅन तर नकोच. तो आयबीएसबद्दल काही सांगत नाही, किरणांचा मारा होतो आणि वाढलेल्या ग्रंथी, यकृतावरचा ठिपका असं काही किरकोळ दिसलं की त्याचा पाठपुरावा करण्यात सहा महिने जातात. नॉर्मल रिपोर्ट आल्यावर सुटल्यासारखं वाटतं, पण पुढची कळ आली की शंका परत येते. कॅन्सरबद्दल एवढं पक्कं सांगता येतं, की आयबीएसचा कॅन्सर होत नाही आणि त्यानं आयुष्य कमी होत नाही. रक्ताचे ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ पॅनेल म्हणून जे आयजीजी रिपोर्ट विकतात, त्यावर मात्र एक रुपयाही घालवू नका. आपण जे खात आलोय त्याचीच नोंद त्यात उमटते. ते वाचून लोक पंचवीस-पंचवीस पदार्थ सोडतात.

‘जुनी आव’ हे निदान आपल्याकडे फार सहज दिलं जातं. शौचाच्या तपासणीत अमिबाच्या सिस्ट (कवचातली सुप्त रूपं) दिसल्या, की मेट्रोनिडॅझोल किंवा ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलचा कोर्स सुरू. पण आजार करणारा अमिबा आणि निरुपद्रवी अमिबा या दोघांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. रक्त-शेम पडत नाही, ताप नाही, आणि त्रास कोर्सनंतर पाच-सात दिवस कमी होऊन पुन्हा येतो. असं असेल तर अमिबा शिल्लक राहिलाय असं नाही, बहुधा तो दोषी नव्हताच. अँटिबायोटिकनं आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटते. यापुढे सिद्ध कारण असल्याशिवाय नवा कोर्स घेऊ नका.

आता खाण्याकडे. तुम्ही दूध, दही, कडधान्यं, गहू सोडलंत, पण कांदा-लसणाचा पत्रात उल्लेखही नाही. मराठी स्वयंपाकात आयबीएसला सगळ्यात जास्त डिवचणारे हेच दोघे असू शकतात. त्यांच्यात फ्रुक्टन नावाची साखळी-शर्करा असते. कुणाच्याच लहान आतड्यात ती पचत नाही, तशीच मोठ्या आतड्यात जाते, पाणी खेचते आणि तिथले जिवाणू तिचा गॅस करतात. इतरांना त्याचं काही वाटत नाही, हळव्या आतड्याला दुखतं. गव्हातही फ्रुक्टनच असतं. त्यामुळे गहू सोडल्यावर थोडं बरं वाटलं म्हणजे ग्लुटेनचं वावडं आहे, असं सिद्ध होत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सगळ्या शर्करांना मिळून ‘फॉडमॅप’ नाव दिलं आणि त्यांवर आधारलेला आहार बसवला. चार ते सहा आठवडे सगळं कमी करायचं, मग एकेक परत आणायचं, मग आपल्यापुरती यादी ठरवायची.

वजन उतरलेलं असताना हा आहार पूर्ण कडकपणे तुम्ही स्वतःहून करू नये. तुमच्या बाबतीत उलट्या क्रमानं जाऊ. सिलिअॅकच्या तपासणीसाठी पोळी परत येतेच आहे. तिच्याबरोबर दह्याची लहान वाटी दुपारी सुरू करा. विरजताना दुधातली साखर थोडी कमी होते आणि दह्यातले जिवाणू उरलेली पचवायला मदत करतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही सोसतं. चहापुरतं दूधही बहुतेकांना चालतं, मात्र चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांच्या वर नको. मुगाची डाळ रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात शिजवलेली अर्धी वाटी घ्या. चवळी, राजमा, हरभरा नंतर बघू. तपासणीसाठी रक्त देऊन झालं, की तीन आठवडे फक्त कांदा-लसूण बंद ठेवून बघा.

हे घरात करायचं कसं, ते नीट सांगते, कारण गाडी इथेच अडते. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून रश्श्यातले कांद्याचे तुकडे ताटात बाजूला काढून काही उपयोग नाही, ते केव्हाच रश्श्यात उतरलेलं असतं. पण तेल तापवून त्यात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत तळल्या, त्या काढून टाकल्या आणि मग त्याच तेलात मोहरी-हिंगाची फोडणी केली, तर लसणाचा वास राहतो आणि त्रासाचा भाग पाकळ्यांबरोबर जातो. पाकळ्या काढायच्या आधी पाण्याचा थेंबही पडता कामा नये. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात चिरून घाला. कांदा-लसूण मसाल्याऐवजी गोडा मसाला वापरा, विकतचा असेल तर पाकिटावर कांदा-लसूण नाही ना ते वाचून. वाटण घालण्याआधी तुमच्या वाटणीची भाजी वेगळी काढली, तर घरच्यांना सगळं बदलावं लागत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत हा स्वयंपाक नवा नाही. सासूबाईंना सोबत घ्यायला ही चांगली जागा आहे. दुधी, पडवळ, दोडका, भेंडी, वांगं, गाजर, पालक, भात, ज्वारीची भाकरी, पपई, संत्रं हे सगळं खा. फ्लॉवर, मशरूम, सफरचंद, आंबा, कलिंगड आणि खूप पिकलेलं केळं या दिवसांत बेतानं.

तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर कांदा-लसूण निर्दोष आहेत. परत सुरू करा. फरक पडला, तर पहिल्या दिवशी पाव कांदा, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक, असं खाऊन आपली मर्यादा शोधा. बहुतेकांना ‘थोडा चालतो’ असंच उत्तर मिळतं. सोडलेलं परत न आणणं ही या आहारातली सगळ्यात मोठी चूक. त्यानं खाणं आकुंचन पावतं, वजन उतरतं आणि खाण्याचीच भीती बसते. तुमच्या बाबतीत ती सुरुवात झालेली दिसते.

सोबत इसबगोल सुरू करा. जुलाबाला इसबगोल कशाला, असं वाटेल. पण तो पाणी धरून ठेवतो, म्हणून पातळ शौच बांधली जाते आणि कडक शौच मऊ होते. रात्री जेवणानंतर एक लहान चमचा, मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. पेल्यात ठेवला तर लगदा होतो आणि नकोसा वाटतो, कोरडा गिळला तर घशात अडकू शकतो. पहिल्या आठवड्यात गॅस वाढतो, तिथेच लोक सोडून देतात. आठवड्यानं दोन चमचे करा आणि निदान चार आठवडे थांबून ठरवा. इतर औषधांपासून दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. गव्हाचा कोंडा मात्र घेऊ नका, त्यानं आयबीएसचं दुखणं बऱ्याचदा वाढतं.

औषधांच्या बाबतीत आधी जुन्या पाकिटांच्या मागे बारीक अक्षरात छापलेली नावं वाचा. पोटाच्या कळेसाठी दिलेल्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. ते झोपेच्या गोळ्यांच्या कुळातलं आहे, महिनोन् महिने घेतलं तर सवय लागते. ते एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्यायचं. गॅस-पित्तासाठीच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. त्यानं पाळी चुकणं, स्तनांतून दूध येणं, हात थरथरणं असे त्रास होऊ शकतात, आणि कॅप्सूलशी त्याचा संबंध चटकन कुणी जोडत नाही.

कळेसाठी मेबेव्हरिन हे तुलनेनं सौम्य औषध आहे. 135 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, जेवणाआधी वीस मिनिटं. पेपरमिंट तेलाच्या, आतड्यातच विरघळणाऱ्या कॅप्सूलही चालतात. त्या चावायच्या नाहीत, नाहीतर छातीत जळजळतं. या दोन्हींनी महिनाभरात भागलं नाही, तर डॉक्टरांना अमिट्रिप्टिलिनबद्दल विचारा. हे नैराश्याचं जुनं औषध आहे हे कळल्यावर रुग्ण दुखावतात, ‘म्हणजे मला वेड लागलंय का’ म्हणतात. तसं नाही. इथे ते आतडं आणि मेंदू यांच्यातल्या वेदनेच्या निरोपांवर काम करतं, आणि मात्रा रात्री 10 मिलिग्रॅमपासून, हळूहळू फार तर 30 पर्यंत, म्हणजे नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा खूपच कमी. ब्रिटनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी ते औषध घेणाऱ्यांची लक्षणं औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, म्हणून ते झोपण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावं. शौच थोडी घट्ट होते, तुमच्यासाठी तो फायदाच. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा गरोदरपणाचा विचार असेल तर आधी सांगायला हवं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

आणि लोकल. काहीही न खाता निघण्यानं तुमची अडचण सुटत नाही. खाल्ल्यावर मोठं आतडं हलतं, हा सगळ्यांचाच स्वभाव, आणि सकाळी तो सगळ्यात जोरात असतो. तुम्ही तो घरी होऊ देत नाही, म्हणून तो ऑफिसातल्या पहिल्या चहाची वाट बघत बसतो. निघण्याच्या तासभर आधी चहा आणि थोडं काही खा, म्हणजे दोन फेऱ्या घरीच होतील. मग उठून जा. ‘साफ झालं नाही’ म्हणून पुन्हा बसून कुंथू नका. ती भावना हळव्या गुदाशयाची असते, बऱ्याचदा आत काही उरलेलं नसतं. सुरुवातीचे दोन आठवडे धीमी लोकल पकडा. दर काही मिनिटांनी स्टेशन येतं, उतरायची मोकळीक असते, आणि कळ आपोआप ओसरते हे शरीराला कळतं. मग अर्ध्या अंतरापर्यंत फास्ट, मग पूर्ण. मुलाखत, लांबचा प्रवास अशा दिवशी निघण्याआधी पाऊण तास लोपेरामाइडची 2 मिलिग्रॅमची गोळी, डॉक्टरांना एकदा विचारून, घ्यायला हरकत नाही. ती घाई थांबवते, दुखणं नाही. ताप किंवा रक्त असेल तर ती घेऊ नये, आणि सांगितल्यापेक्षा जास्त तर कधीच नाही, कारण मोठ्या मात्रेत ती हृदयाला घातक ठरते. भीती एवढ्यानं कमी झाली नाही, तर आयबीएसची माहिती असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची, काही सत्रं घ्या. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं हा उपचार नाही, हा आहे.

याच वळणाच्या पण बद्धकोष्ठाच्या वाचकांसाठी थोडंसं. इसबगोल तुम्हालाही लागू. तो पुरला नाही तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, मग तज्ज्ञांकडून पुढची औषधं. सोनामुखीची चूर्णं वर्षानुवर्षं रोज रात्री घेऊ नयेत. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या कारण नाहीत ना, ते बघा. मधुमेहाच्या वाचकांना जुलाब होत असतील तर मेटफॉर्मिनकडे आणि पित्ताशय काढलेल्यांनी पित्तरसाच्या जुलाबाकडे डॉक्टरांचं लक्ष वेधावं. या दोन्हींवर वेगळा इलाज आहे आणि दोन्ही आयबीएस समजून वर्षानुवर्षं चालतात.

पूर्ण बरं होण्याबद्दल: संसर्गानंतर आलेला आयबीएस बऱ्याच जणांत काही वर्षांत आपोआप निवळत जातो. तोवर ‘एकदाही कळ नको’ हे ध्येय ठेवू नका. आठवड्यात वाईट दिवस पाच होते ते एक-दोन झाले, की उपचार लागू पडतोय असं समजा. हे मोजण्यासाठी आजपासून दोन आठवडे वहीत चार रकाने ठेवा: वेळ, काय खाल्लं, दुखणं शून्य ते दहा, आणि ब्रिस्टल तक्त्यातला शौचाचा प्रकार. एक म्हणजे सुट्या कडक लेंड्या, चार म्हणजे गुळगुळीत आणि मऊ, सहा म्हणजे लगदा, सात म्हणजे पाणी. पाळीचे दिवस खूण करून ठेवा, कारण पुष्कळ जणींचा त्रास तेव्हा वाढतो. हे पान, जुन्या रिपोर्टांची तारीखवार फाइल आणि रिकामी पाकिटं घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा आणि निदान तीन महिने त्यांच्याकडेच राहा. वजन दर रविवारी सकाळी त्याच काट्यावर करा. आठ आठवड्यांत ते वर सरकलं नाही, किंवा रक्त, ताप, रात्रीचे जुलाब यांतलं काही दिसलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवायला जा, आणि मग कोलोनोस्कोपीला नाही म्हणू नका.